चव घेतली की संपवायचं

आप्पांनी एखाद्या पदार्थाची चव घेतली, की तो त्यांना संपवावा लागे. म्हणून ते सहसा चव घेत नसत. शिळं किंवा मुदत उलटलेलं खाणं खावं की फेकावं, हे विचारायला अर्धं लातूर ज्यांच्या ओट्यावर येत असे, त्या माणसाची ही मोठीच अडचण होती.

कारण साधं होतं. ते लिंगायत होते; गळ्यातल्या लिंगाला दाखवल्याशिवाय ते तोंडात काही घालत नसत, आणि एकदा दाखवलं की तो प्रसाद. प्रसाद टाकायचा नाही. जेवण झालं की ते ताटात पाणी घेत, बोटाने ताट धूत आणि ते पाणी पिऊन टाकत. त्यांच्या घरात सगळेच तसं करत. फरक एवढाच की घरातले बाकीचे लोक गावाची आंबलेली आमटी तपासायला बसत नव्हते.

मी त्यांचा भाडेकरू होतो. जिल्हा नवा झाला होता. कचेऱ्या आल्या, कारकून आले, साहेब आले, आणि एका दैनिकाने बातमीदार म्हणून मलाही पाठवलं. खोल्या मात्र गावात होत्या तेवढ्याच होत्या. आप्पांनी आवारातली कडबा ठेवायची खोली झाडून मला दिली. माडीवरची खोली पुरवठा खात्यातल्या एका तरुण निरीक्षकाला दिली. तो नगरकडचा होता, नोकरीत नवा होता, आणि बायको-मुलांना अजून गावी ठेवून आला होता. आम्ही दोघेही त्यांना आप्पा म्हणायचो. त्या भागात दर तिसऱ्या घरात एक आप्पा असतो, त्यामुळे एवढ्यावरून त्यांना कोणी ओळखणार नाही.

तरुणपणापासून ते भुसार मालाच्या अडतीवर होते. पोत्यात टोकदार नळी खुपसायची, मूठभर धान्य काढायचं, हुंगायचं, दाताखाली न घेता नखाने दाणा फोडायचा आणि बोलायचं. हेच त्यांचं काम. अडत सोडल्यावर नाक आणि नख मोकळे झाले, आणि शेजारणी दुधाची पातेली घेऊन येऊ लागल्या.

निवाडे तीन प्रकारचे असत. ‘खा’, ‘आजच खा’ आणि ‘गुरालाबी घालू नका’. चौथा निवाडा नव्हता. कोणी शंका घेतली तर ते तोच निवाडा पुन्हा सांगत, पहिल्यापेक्षा हळू आवाजात.

सकाळी पूजा झाल्याशिवाय ओट्यावर येत नसत, म्हणून लोक दहानंतर येत. औषधाच्या बाटल्या ते परत पाठवत. औषध म्हणजे खाणं नव्हे, असं त्यांचं मत होतं. गल्लीच्या टोकाला बेकरी चालवणारे एक चाचा रोज दुपारी टोस्टचा एक तुकडा त्यांच्या नाकापुढे धरून जात. विचारायचं काही नसे, ती चेष्टा होती. “आप्पा, तुमारी नाक का बीमा निकालो,” असं ते म्हणत. आप्पा तुकडा हुंगून म्हणत, “डालडा बदललाय तुमी.” आणि बहुतेक वेळा तो बदललेला असे.

डब्यावर, बाटलीवर छापलेल्या तारखा त्या वेळी गावाला नव्या होत्या. त्या वाचणारी माणसं कचेऱ्यांबरोबर आली. एका अभियंत्याच्या पत्नी जॅमची बाटली घेऊन आल्या होत्या. मुदत परवाच उलटली, असं त्या काळजीने सांगत होत्या. आप्पांनी झाकण काढलं, हुंगलं, बाटली उजेडात धरून हलवली.

“परवापस्तोर हा चांगला व्हता म्हणता. मग परवा ह्यानं काय केलं असंल?” त्यांनी विचारलं. “तारीख बाटलीची हाय, बाई. मालाला वाचता येत न्हाई. खा.”

बाईंनी बाटली फेकून दिली. पुढच्या महिन्यात त्या लोणचं घेऊन आल्या, त्याची मुदत अजून वर्षभर होती. आप्पांनी ते गुरालाही घालू नका म्हणून सांगितलं. बाईंनी तारीख दाखवली आणि लोणचं घरी नेलं. पुढचे दोन दिवस साहेब कचेरीत आले नाहीत, एवढीच नोंद माझ्याकडे आहे.

माझं वर्तमानपत्रही ते तपासत. अंक मी रोज त्यांच्या ओट्यावर ठेवत असे. ते तो घडी न मोडता उशीखाली सारत आणि तिसऱ्या दिवशी वाचत. ताजी बातमी सगळीच चांगली लागते, तीन दिवस ठेवली की कोणती खवट होते ते कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते तेव्हा गमतीचं वाटे.

मग पाऊस गेला. त्या वर्षी गेला आणि पुढच्या वर्षी आला नाही. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येऊ लागलं, नंतर तेही कधी येई कधी नाही. आवारात प्रत्येकाची आपली घागर, आपला पिंप, आपलं झाकण अशी वाटणी झाली. एकच घागर कोणाच्या वाटणीत नव्हती. आप्पांच्या पत्नी, त्यांना सगळे अव्वा म्हणत, पहाटे आंघोळ करून ओल्या लुगड्यानेच स्टेशनच्या पलीकडे आपल्या भावाच्या विहिरीवर जात आणि पूजेसाठी एक घागर आणत. रस्त्यात कोणाला शिवत नसत. घरी आल्यावर ते पाणी दुहेरी फडक्यातून गाळून तांब्याच्या हंड्यात ठेवत. हे मडीचं पाणी, म्हणजे सोवळ्यातलं. लिंगाला दाखवायचं ते सगळं याच पाण्यात शिजायचं. आम्ही भाडेकरू नळाचं, टँकरचं, मिळेल ते पीत होतो. हंड्याकडे आम्ही पाहतसुद्धा नव्हतो.

शहरापासून एसटीने तासाभराच्या अंतरावर पाझर तलावाचं दुष्काळी काम सुरू होतं. कामावर येणाऱ्या बायकांची लहान मुलं दिवसभर एका पत्र्याच्या शेडमध्ये असत. मुंबईच्या कोणा देणगीदार मंडळींनी त्या मुलांसाठी दुधाच्या पावडरीची अठरा खोकी पाठवली. खोकी वाटेत कुठेतरी अडकली, जुन्या जिल्ह्याच्या गोदामात पडून राहिली, कागद नव्या जिल्ह्यात आले आणि माल नंतर आला. निरीक्षकाच्या ताब्यात आला तेव्हा पुड्यांवरची मुदत उलटून दोन महिने झाले होते.

वरिष्ठांनी फाइलवर ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असं लिहिलं आणि फाइल परत पाठवली. नमुना तपासायला बाहेरगावी पाठवला तर उत्तर यायला पावसाळा उजाडला असता. दूध वाटलं आणि एखादं मूल आजारी पडलं तर निरीक्षकाची नोकरी जाणार होती. पुरून टाकलं तर शेडमधल्या मुलांना दुपारी भाकरीचा तुकडा आणि मीठ मिळणार होतं, तेच जे रोज मिळत होतं. तो चार दिवस धड जेवला नाही. पाचव्या दिवशी जिन्यावरून उतरून आप्पांसमोर येऊन उभा राहिला.

आप्पा त्याच्याबरोबर गोदामात गेले. मीही गेलो. त्यांनी अठराही खोक्यांमधला एकेक पुडा कानाशी धरून हलवला. चांगली पावडर वाळूसारखी सरकते, बिघडलेली ढेकळासारखी आदळते. मग एकेक पुडा फोडून पावडर बोटांत चोळली, हुंगली, उजेडात रंग पाहिला. चार खोकी त्यांनी पायाने बाजूला सारली. ही ट्रकमध्ये उन्हाच्या बाजूला होती, दुधातलं तूप खवट झालंय, असं ते म्हणाले. ती चार निरीक्षकाने पंचनामा करून पुरली.

“उरलेली द्यायची?” त्याने विचारलं.

“थांबा. लेकरायचं हाय. नाकावर भागत न्हाई.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते स्वतःहून चव घ्यायला निघाले होते. चौदा खोकी तीन वेगवेगळ्या वेळी भरलेली होती, तेव्हा तीन दिवस लागणार होते. सकाळी पूजा झाल्यावर अव्वांनी हंड्यातलं पाणी दिलं. आप्पांनी पितळी पेल्यात पावडर कालवली, लिंगाला दाखवली, सगळं दूध पिऊन टाकलं, पेला विसळून तेही पाणी प्याले. मग दुपारी चारपर्यंत काही खाल्लं नाही. चार वाजता वर पाहून म्हणाले, “एक झालं.” असं तीन दिवस. निरीक्षक मुलं वाट पाहताहेत म्हणून घाई करत होता. आप्पा म्हणाले, ती आतापर्यंत थांबली, अजून दोन दिवस थांबतील.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ‘खा’ म्हटलं. निरीक्षकाने लेखी मागितलं.

“लिहून काय व्हतंय? खाऊन दिलंय की,” आप्पा म्हणाले.

वाटप सुरू झालं. पाचव्या दिवशी शेडमधल्या मुलांना जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. बहुतेक दोन दिवसांत बरी झाली. तीन वर्षांची एक मुलगी सरकारी दवाखान्यात सलाइनवर होती.

मी दवाखान्यात गेलो. दूध प्यायल्यानंतर त्रास सुरू झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुड्यावरची उलटलेली तारीख मी स्वतः पाहिली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. बातमीत त्या शेजारीशेजारी आल्या. ‘मुदत संपलेल्या दुधाने मुले आजारी’ हा मथळा माझा नव्हता, पण मी पाठवलेल्या मजकुरात न बसणारा एकही शब्द त्यात नव्हता. चार खोकी पुरल्याचं मी लिहिलं होतं. आप्पांनी तीन दिवस दूध पिऊन पाहिलं, हे लिहिलं नव्हतं. नियमात न बसणारी तपासणी छापून निरीक्षकाला आणखी अडचणीत आणू नये, असं मी स्वतःला सांगितलं.

आप्पांनी अंक उशीखाली सारला.  तीन दिवस ते रोज दवाखान्यात जात होते. मुलीच्या खाटेजवळ जात नसत, दाराशी उभे राहत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या आईला बाहेर बोलावून एकच प्रश्न विचारला, दूध कशात कालवलं. आईने सांगितलं, पाण्यात. कोणत्या पाण्यात, ते तिला माहीत नव्हतं. बॅरलमधल्या, एवढंच ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बातमी वाचली आणि अंक मला परत दिला.

“चूक काय न्हाई ह्यात,” ते म्हणाले. “पर खवट हाय.”

त्याच दुपारी चौकशी होती. कोणाच्या सल्ल्याने वाटप केलं, असं निरीक्षकाला विचारलं गेलं. त्याने आप्पांचं नाव घेतलं नाही. स्वतःच्या जबाबदारीवर, असं सांगितलं. आप्पा बाहेर बाकावर बसले होते. न बोलावता ते आत गेले. चौकशी अधिकाऱ्यांनी त्यांचं शिक्षण विचारलं, हुद्दा विचारला. मग विचारलं, पुड्यावरची मुदत उलटली होती की नव्हती.

“हाव. उलटली व्हती,” आप्पा म्हणाले. “पर साहेब, पाणी कुठलं व्हतं?”

पाणी चौकशीचा विषय नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. निरीक्षकाच्या निलंबनाचा प्रस्ताव आठवड्यात जायचा होता.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही पाझर तलावाच्या कामावर गेलो. चौदा खोक्यांमधला एक न फोडलेला पुडा त्यांच्या पिशवीत होता, आणि पितळी पेला. शेडमध्ये आता दूध नव्हतं, मुलं मात्र होती. बॅरल तिथंच होतं. टँकर कुठून भरतो, असं आप्पांनी मुकादमाला विचारलं. त्याने एका साठवण तलावाचं नाव घेतलं. त्यात आता तळच उरलाय, गुरंही त्यातच बसतात, असंही सांगितलं. तक्रारीच्या सुरात नव्हे, कोणी विचारलं म्हणून.

आप्पांनी बॅरलचं झाकण उचललं आणि वाकले. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. त्यांना कळायला तेवढाच वेळ लागला, जेवढा चाचांच्या टोस्टला लागत असे. तरी त्यांनी पेला भरून घेतला, पुडा फोडला, पावडर टाकली आणि बोटाने ढवळली.

“आप्पा, वास आलाय ना?” मी विचारलं.

“आलाय.”

“मग आता प्यायचं कशाला?”

“वासावर त्यो माडीवरला साहेब सुटत न्हाई.” त्यांनी बोट पेल्याबाहेर काढलं. “माझी चूक झाली. मी घरचं पाणी घेतलं. मडीचं. ह्या लेकरायला कोण देतंय मडीचं पाणी? मालाची चव घेतली, पाण्याची घेतली न्हाई.”

सदऱ्याच्या आत हात घालून त्यांनी लिंगाची चांदीची डबी बाहेर काढली. हातात धरली. आणि न उघडता पुन्हा आत ठेवली. ते पाणी त्यांनी लिंगाला दाखवलं नाही. म्हणजे तो प्रसाद नव्हता, आणि संपवण्याची सक्तीही नव्हती. एक घोट घेऊन पेला ओतून दिला असता तरी त्यांचा नेम मोडला नसता.

त्यांनी पेला संपवला. मग बॅरलमधलं थोडं पाणी घेऊन तो विसळला आणि तेही प्याले.

 दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूजेला बसू शकले नाहीत. अव्वांनी मला हाक मारली. दवाखान्यात त्यांना मिळालेली खाट त्या मुलीपासून दोन खाटा सोडून होती. पावडर तीच, हा माणूस ती आधी तीन दिवस प्यायला आणि ठणठणीत राहिला, फक्त पाणी बदललं, एवढं मी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं आणि बॅरलच्या पाण्याचा नमुना पाठवा म्हणून वेगळं पत्र दिलं.

अव्वा खाटेशी बसून होत्या. “तुमचं नाक गेलं व्हतं का?” असं त्यांनी एकदाच विचारलं. आप्पांनी नाही म्हणून मान हलवली. त्यानंतर दोन दिवस त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत, पण मडीचं पाणी घागरभर दवाखान्यात आणत राहिल्या. आप्पांच्या सांगण्यावरून त्यातलं अर्धं त्या मुलीच्या आईला देत. ती लिंगायत नव्हती. अव्वांनी तिच्या भांड्यात पाणी वरून ओतलं, आणि त्याबद्दल नंतर कोणी काही बोललं नाही.

मी दुसरी बातमी पाठवली. संपादकीय विभागातून फोन आला. पाण्याची बातमी रोजच येते, यात नवं काय, असं विचारलं गेलं. मी नवं काय ते सांगितलं. आतल्या पानावर सहा ओळी आल्या.

निरीक्षकाचं निलंबन झालं नाही. डॉक्टरांचं पत्र फाइलला लागल्याने प्रस्ताव मागे पडला आणि त्याची मुखेडला बदली झाली. सेवापुस्तकात शेरा राहिला. टँकर दुसऱ्या ठिकाणी भरू लागला. मुलगी बरी होऊन गेली. चौकशीत जप्त झालेली उरलेली खोकी कोणी सोडवून घेतली नाहीत; पावसाळ्यात ती गोदामातच भिजली. निरीक्षक निघाला त्या दिवशी आप्पांच्या पाया पडला. आप्पांनी त्याला एवढंच विचारलं की मुखेडला पाणी कसं आहे.

त्या उन्हाळ्यात डबे-बाटल्या घेऊन ओट्यावर येणारी माणसं थांबली. गावाने पहिली बातमी वाचली होती, आतल्या पानावरच्या सहा ओळी वाचल्या नव्हत्या. चाचा तेवढे रोज येत, टोस्ट धरत, पण विम्याची चेष्टा करत नसत. आप्पा दवाखान्यातून आले ते खूप वाळून आले. दहा वाजता ओट्यावर येऊन बसत आणि बाराला उठून आत जात.

मग, उन्हाळा संपायला आला होता तेव्हा, त्या मुलीची आई आली. तिच्या हातात तांब्या होता. वस्तीवर टँकर आला नव्हता, हे पाणी कोणीतरी एका पडक्या विहिरीतून शेंदून दिलं होतं. पोरीला पाजू का, असं तिने विचारलं.

आप्पांनी तांब्या दोन्ही हातांत घेतला आणि हुंगला. बराच वेळ हुंगला. डबे हुंगताना त्यांना इतका वेळ कधी लागला नव्हता.

“उकळून बी न्हाई,” ते म्हणाले. “ओतून दे, माय.”

तिने मान डोलावली, तांब्या परत घेतला. ओट्याच्या पायऱ्या उतरली, गल्लीत आली. आप्पा पाहत होते, मीही पाहत होतो. तिने तांब्यावर पदराचं टोक धरलं, दुसरा हात खाली लावला आणि उन्हातून जपून चालत गेली. वळणापर्यंत एक थेंबही खाली पडला नाही.